भिंतीपलीकडचं गिऱ्हाईक

घर विकायचं ठरलं ते माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यांमुळे. सातपूरच्या आमच्या कॉलनीतलं ते रो-हाऊस. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या वर. डॉक्टरांनी जिने बंद करा म्हणून सांगितल्यावर हे खाली दिवाणावर झोपू लागले आणि सकाळपासून मला हाका मारू लागले. टॉवेल वर राहिला, चष्मा वर राहिला, मोबाइलची वायर वर राहिली. त्यांचे गुडघे वाचले, माझे जायची वेळ आली. शेवटी मीच म्हटलं, आता लिफ्टवाला फ्लॅट घेऊ.

पाथर्डी फाट्याकडे एक फ्लॅट आवडला. बुकिंग केलं आणि त्या आनंदात मी शेजारी पेढे देऊन आले. पेढ्यांबरोबर सगळी माहितीही देऊन आले. दिवाळीच्या आत बिल्डरला मोठा हप्ता द्यायचाय, त्यासाठी हे घर लवकर विकलं गेलं पाहिजे, नाहीतर आमची पंचाईत आहे. घर विकणाऱ्यानं जे जगात कुणाला सांगू नये, ते मी वहिनींच्या ओट्याशी उभी राहून, चहा घेत घेत सांगितलं.

वहिनी म्हणजे आमच्या शेजारीणबाई. त्यांची आणि आमची मधली भिंत एकच. दोन्ही घरं एकाच वर्षी भरली. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, ते मूळचे निफाडकडचे. माझे मिस्टर आणि भाऊ दोघंही सातपूरच्या कारखान्यांत नोकरीला होते. कंपन्या वेगळ्या, पण शिफ्ट जुळली की एकाच मोटरसायकलवर जायचे. इतक्या वर्षांत आमचं भांडण झालं नाही असं नाही, पण ते पाण्याच्या मोटारीवरून आणि तेही उन्हाळ्यापुरतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते द्राक्षाचे एक व्यापारी. पांढरे कपडे, पायात कोल्हापुरी आणि सोबत वास्तूचे जाणकार. जाणकारांनी मोबाइल हातात आडवा धरून घरभर दोन फेऱ्या मारल्या आणि स्वयंपाकघरात येऊन मान हलवली. "शेगडी चुकीच्या दिशेला आहे." व्यापारी लगेच म्हणाले, "मग पाच लाख कमी करा."

माझे मिस्टर आयुष्यभर मशीनवर काम केलेले. त्यांनी शेगडी उचलली, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि विचारलं, "आता?"

ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

मग एक जोडपं आलं. दोघंही हरसूलकडच्या शाळेत शिक्षक. मुलं कॉलेजला आली म्हणून नाशिकमध्ये घर बघत होते. माणसं फार चांगली. बाईंनी कपाटं उघडण्याआधी मला विचारलं. सर वर गच्चीत जाऊन आले आणि म्हणाले, "आम्हाला घर आवडलं. तुम्ही साठ म्हणताय, आम्ही छपन्न म्हणतो. बसून बोलू." आवडलं असं गिऱ्हाइकानं उघड सांगायचं नसतं, पण त्यांनी सांगितलं. मला वाटलं, झालं काम. निघताना ते फाटकाशी भाऊंशी बोलत उभे असलेले मी खिडकीतून पाहिले. म्हटलं बरंच आहे, शेजारी कसा आहे तेही कळेल.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "ताई, आम्ही दुसरीकडे बघतो."

"का हो? किमतीचं म्हणत असाल तर बसून बोलू ना."

"तसं नाही. तुमचे शेजारी म्हणाले की घराचं त्यांच्याशी बोलणं चाललंय. आम्हाला कुणाच्या मध्ये पडायचं नाही."

मी फोन ठेवला. भाऊंशी बोलणं? भाऊ तर आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडूनच कोथिंबीर घेऊन गेले होते आणि घराबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. मिस्टरांना सांगितलं तर ते लाल झाले. "विचारतोच आता," म्हणत चपला शोधू लागले. मी त्यांना बसवलं आणि स्वतः गेले.

वहिनी मेथी निवडत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी जुडी बाजूला ठेवली.

"वहिनी, भाऊंनी आमचं गिऱ्हाईक का परत पाठवलं?"

त्यांनी आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही पेढे आणले ना, त्या दिवसापासून ह्यांना झोप नाही. आम्हालाच पाहिजे तुमचं घर. पोरीसाठी."

त्यांची मुलगी पुण्यात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. तिचा घटस्फोट झाल्याचं मला माहीत होतं. वहिनींनीच एकदा रडत सांगितलं होतं. आता तिला नाशिकमध्ये नोकरी मिळाली होती आणि ती लहान मुलीला घेऊन येणार होती. आईवडिलांजवळ राहायचं, पण त्यांच्या घरात नाही, ही तिची अट. स्वतःचं घर, स्वतःचं कर्ज, स्वतःचं दार.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कसं बोलायचं?" वहिनी म्हणाल्या. "एवढ्या वर्षांचा घरोबा. तुमच्याशी भाव कसा करायचा? हे म्हणतात, कमी मागितलं तर वाईट दिसंल आणि तुम्ही म्हणाल तेवढं आम्हाला झेपणार नाही. म्हणून नुसते फाटकाशी उभे राहायचे."

तेवढ्यात भाऊ बाहेर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, चुकलं माझं. त्या मास्तरांना बघून मला लय धडकी भरली. वाटलं, गेलं आता घर."

मला खूप रागवायचं होतं, पण त्या बनियनवर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून रागवता येईना. मी म्हटलं, "तिला येऊ दे रविवारी. घर तिला घ्यायचंय ना? मग तिच्याशीच बोलू."

ती आली. मी तिला फ्रॉकमध्ये आमच्या जिन्यावर उड्या मारताना पाहिलेलं. आता हातात फाइल, डोळ्यांना चष्मा. आत येण्याआधी दारात थांबून म्हणाली, "काकू, घर बघू का?" मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून मी ते आवरलं. तिनं खरंच सगळं घर पाहिलं. भिंती बोटांनी वाजवल्या, नळ सोडून पाहिले, मोटार चालू करायला लावली, गच्चीवर जाऊन कोपऱ्यात वाकून काहीतरी तपासलं. भाऊ मागे मागे येऊ लागले तेव्हा तिनं त्यांना दिवाणावर बसवलं. "पप्पा, तुम्ही काही बोलायचं नाही."

आम्ही बसलो. माझ्या मिस्टरांनी एकदम हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाले, "अगं पोरी, तू म्हणशील तो भाव. तुझ्याशी काय घासाघीस करायची?"

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पाणी प्यायला घेतलं. पण माझ्याआधी तीच बोलली.

"नको काका. पप्पांच्या ओळखीवर घर मिळालं असं मला नाही म्हणवून घ्यायचं. तुम्ही भाव सांगा, मी माझा सांगते."

"साठ," मी म्हटलं.

"बावन्न."

"बावन्नला तुला या कॉलनीत पत्र्याची खोली मिळेल."

"काकू, तुमची गच्ची गळते. मी दहावीत होते तेव्हा तुम्ही हॉलमध्ये बादल्या ठेवल्या होत्या. त्यातली एक आमची होती."

"त्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलं. बादलीही परत दिली."

"वायरिंग जुनं आहे."

"बाथरूम नवीन आहे. ग्रिल नवीन आहे. आणि कोपऱ्याचं..."

"कोपऱ्याचं घर आमचं आहे काकू. तुमचं मधलं."

भाऊंना हसू फुटलं, ते त्यांनी खोकून लपवलं. मलाही मजा येऊ लागली होती. इतक्या दिवसांत आलेल्यांपैकी कुणी नुसत्या खोड्या काढल्या, कुणी मध्ये पडायला नको म्हणून माघार घेतली. ही पोर मात्र माझ्या डोळ्यांत बघून एकेक लाख वर येत होती आणि मी एकेक लाख खाली. छपन्नवर ती थांबली. अठ्ठावन्नवर मी थांबले. चहा झाला, पुन्हा केला. वहिनी भिंतीपलीकडून पोहे घेऊन आल्या आणि डिश ठेवून आमचे चेहरे बघत बसल्या.

"गच्चीवरचा सोलर ठेवून जाणार?" तिनं विचारलं.

"फ्लॅटमध्ये नेऊन काय करू?"

"किचनच्या ट्रॉल्या?"

"त्याही ठेवते. पण मग सत्तावन्न. आणि पैसे दिवाळीच्या आत."

"ते माहितेय मला," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "आईनं सांगितलंय, तुमचा हप्ता आहे. म्हणून तर इतकं ताणून धरलं."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पोह्यांकडे बघत होत्या.

"बरं," मी म्हटलं, "मग माझंही ऐक. आईबापाच्या भिंतीला लागून दुसरं घर तुला मिळणार नाही, हे मलाही माहीत होतं. म्हणून मीही सोडत नव्हते."

तिनं हात पुढे केला. मी आधी तो धरला आणि मग तिला जवळच घेतलं. इतका वेळ ताठ बसलेल्या तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. भाऊ उठून बाहेर फाटकाशी जाऊन उभे राहिले. माझे मिस्टर त्यांच्या मागे गेले आणि दोघं बराच वेळ मोटरसायकलच्या सीटवर हात ठेवून काहीतरी बोलत राहिले. शिक्षकबाईंच्या त्या फोननंतर त्यांच्यात अबोलाच होता, तो तिथे संपला.

बँकेनं नेहमीप्रमाणे वेळ खाल्ला. घराची तपासणी करायला आलेला माणूस नकाशा उलटा धरून बसला होता. तरी दिवाळीच्या आधी काम झालं. रजिस्ट्रीच्या दिवशी फोटो काढताना तिनं केस नीट केले, माझ्याकडे बघून मलाही पदर सारखा करायला लावला. सही करताना तिचा हात अजिबात थांबला नाही. माझा थोडा थांबला.

भाऊंच्या मनात मात्र त्या शिक्षकांचं राहूनच गेलं होतं. त्यांनी माझ्याकडून नंबर घेतला आणि स्वतः फोन करून त्यांची माफी मागितली. मग कॉलनीत मागच्या गल्लीत त्यांच्या जुन्या कंपनीतल्या एकाचं घर विकायला निघालंय म्हणून त्या दोघांना घेऊन गेले. तिथे भाव भाऊंनीच केला. बाई मला नंतर फोनवर सांगत होत्या, "ताई, ते इतके भांडले की घरमालक म्हणाला, तुम्ही माझे मित्र आहात की यांचे? आम्हालाच लाज वाटायला लागली. शेवटी सर म्हणाले, पुरे आता, चला सही करू."