जटामांसीची कुपी

मालिनी काकूच्या घरात कुठलीही नवी वस्तू लगेच वापरायला निघत नाही. टॉवेलांचा चांगला सेट पाहुण्यांसाठी असतो, आणि जे पाहुणे येतात ते कधी तितके मोठे नसतात. जॅमच्या रिकाम्या बरण्या धुऊन, लेबलं खरवडून, सिंकखाली रांगेत उभ्या. काकू मूळची संगमनेरची, इस्त्री केल्यासारखं बोलते. राजीव काका जालन्याचे. अमेरिकेत, पार्सिपनीत अर्धं आयुष्य गेलं, औषधांच्या गोदामात नोकरी करून रिटायर झाले, पण त्यांच्या तोंडातलं जालना काही सुटलं नाही.

"मालिनी, ही शिशी कामून ठेवली?"

"अहो, झाकण चांगलं आहे तिचं."

"झाकण चांगलं म्हणूनच मलाबी ठेवलं का मग?"

असं म्हणून काका टक्कल चोळायचे आणि काकू हसू दाबायला फ्रीज उघडायची.

रविवारी दुपारी एका अमेरिकन चर्चच्या बेसमेंटमध्ये आमच्या मराठी मंडळीची उपासना असते. त्याआधी काकू शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेते. वर्षातून एकदा तिचा ठरलेला धडा, शास्त्रातली भांडी. शेकायची रबरी पिशवी दोन्ही हातांनी वर धरून ती सुरू करते, "मुलांनो, ही बुधली. खरी असते बकऱ्याच्या कातड्याची. नवा द्राक्षारस आत फसफसतो. जुनं कातडं कडक झालेलं, ते ताणत नाही, फाटतं. म्हणून आपलं मन कसं ठेवायचं?"

"फ्लेक्सिबल," सगळे एका सुरात.

मग झाडाची कुंडी. "हे मडकं. मडकं म्हणजे माणूस. मातीचा."

"काकू, बॉटमला होल आहे," देवांग म्हणाला होता.

"होल सगळ्यांनाच असतं, देवांग. तू खाली बस."

मग खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली. ती आसवांची. आपण रडलेलं फुकट जात नाही, देवाकडे त्याचाही साठा असतो, असं काकू सांगायची. आणि सगळ्यात शेवटी रुमालातून निघायची ती खरी कुपी. बोटभर उंचीची, दुधी दगडाची, तोंडावर मेण. काका-काकू पवित्र भूमीच्या टूरला गेले होते, तेव्हा बेथलेहेमच्या एका दुकानातून आणलेली. आत जटामांसीचं तेल. प्रभूच्या मरणाआधी एका बाईनं त्याच्यावर ओतलं तेच तेल. अशी कुपी फोडली की परत बंद होत नाही, त्या बाईनं थेंबसुद्धा मागे ठेवला नाही, लोक नावं ठेवत बसले तरी ठेवला नाही, हे सांगताना काकू कुपी छातीशी धरायची. आम्हाला कुपी लांबूनच दाखवायची. हात लावायचा नाही.

मागच्या रांगेतून काका पुटपुटायचे, "शिकवते फोडायला, अन् घरी टेप लावून ठेवते."

पण कुपी का ठेवलीय ते दोघांनाही माहीत होतं. टूरच्या बसमध्येच त्यांचं ठरलं होतं. जो आधी जाईल त्याला मागे राहिलेल्यानं ते तेल लावायचं, आपल्या हातानं. गावाकडे माणूस गेलं की घरचेच आंघोळ घालतात, घरचेच अत्तर लावतात. इथे तेवढं तरी आपलं असावं. घरी आल्यावर काकूनं कुपी क्रॉसशेजारच्या शेल्फवर ठेवली. खाली हीटिंगचा व्हेंट होता, हिवाळाभर गरम हवा सोडणारा, पण क्रॉसपेक्षा चांगली जागा घरात नव्हती.

या वर्षी काकांच्या स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही शेवटच्या टप्प्यावर. दूरच्या चँडलरहून विमानानं मुलगा विक्रम आला. तो चिपच्या फॅक्टरीत इंजिनियर, सगळं मीटिंगसारखं बोलतो. "मम्मी, पप्पांना डिटेल्स द्यायचे नाहीत. होप इज इम्पॉर्टंट." त्यानं रुटीन सेट करून दिलं, हॉस्पिसला, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येणाऱ्या सेवेला, बरं करणारं 'रिहॅब' म्हणायचं असं सगळ्यांना बजावलं आणि परत गेला. काका डिसेंबरमध्ये जालन्याला जायच्या गप्पा मारायचे. काकू मान हलवायची, स्वेटर कुठले न्यायचे ते विचारायची.

विक्रमनंच फ्युनरल होमची, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणाऱ्यांची, अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती. काकूबरोबर माझी आई गेली. नीना, तू बोल, मला शब्द सापडायचे नाहीत, असं काकू तिला गाडीत म्हणत होती. पण तिथे तीच बोलली. तिनं तिथल्या टायवाल्या गृहस्थाला विचारलं, नवरा गेल्यावर त्याला आपल्या हातानं तेल लावता येईल का. आईनं घरी येऊन सांगितलं, तो इतका गोड बोलला की रागही धरता येईना. "ॲब्सल्यूटली, मॅम. जस्ट ब्रिंग इट इन. अवर स्टाफ विल अप्लाय इट."

स्टाफ. काकू गाडीत बसली आणि सीटबेल्ट लावायचा विसरली. गाडी पिंग पिंग करत राहिली.

"नीना, मग मी आत्ताच लावीन," ती म्हणाली.

आता पंचाईत अशी, की ते तेल कशासाठी ठेवलंय हे काकांना ठाऊक. कुपी उघडायची म्हणजे त्यांच्या तोंडावर सांगायचं, की तुम्ही चाललात. काकूनं विक्रमला फोन केला. स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मम्मी, नो. प्लीज. पप्पांना कळेल."

"त्यांना वास येतोय तोवर लावू दे मला, विक्रम."

"आय ॲम इन द मिडल ऑफ समथिंग. वीकेंडला बोलू."

वीकेंडपर्यंत काका अर्धेच जागे असायला लागले. शनिवारी दुपारी आई आणि मी डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. खिडकीत ऊन होतं. काकू आधीपासून कुपी हातात घेऊन बसली होती. काकांनी डोळे उघडले, आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे.

"म्हणजे डिसेंबरचं कॅन्सल," ते म्हणाले.

काकूनं मान हलवली. होय आणि नाही, दोन्ही एकाच मानेत.

"विक्रम म्हणत होता रिहॅब," काका म्हणाले. "म्या म्हटलं, असू दे. लेकराला बरं वाटतंय." मग कुपीकडे बोट करून, "फोड की. हेच शिकवते ना पोरांना?"

काकूनं टेप सोलली, नखानं मेण काढलं. बूच ओढलं. ते इतकं सहज निघालं की तीच दचकली. तिनं तळहातावर कुपी उलटी केली. काहीच पडलं नाही. झटकली. आईनं डोळे बारीक करून आत पाहिलं. तळाशी तपकिरी गोंदासारखं काहीतरी चिकटलेलं होतं, तेही तडकलेलं. मेण तर कुठंच फुटलं नव्हतं. दगडच एवढे हिवाळे ते तेल पीत गेला असणार, आणि खाली व्हेंट.

काकूनं कुपी नाकाशी नेली, मग काकांच्या नाकाशी धरली. "येतोय का? जरासा?"

काका खोटं बोलले असते तर चाललं असतं. "मेणाचा येतोय," ते म्हणाले.

काकूच्या डोळ्यांतून धार लागली. आवाज नाही, नुसती धार. "मी एकदासुद्धा उघडली नाही हो," ती म्हणाली. "एकदा उघडून दोघांनी हुंगली असती तरी..."

"रडू नको. गळ्याशी ओलं होतंय तुझं."

काकूनं डोळे पुसले. कपाटातून खोबरेलाची बाटली काढली, रोज त्यांच्या कोरड्या पायांना लावायची तीच. हातावर तेल घेतलं, चोळून गरम केलं आणि पांघरूण वर सरकवलं. टाच, घोटा, तळवा. आम्ही बाहेर जायला निघालो, तर आईनं दारातच माझा हात धरून थांबवलं, का ते मला कळलं नाही.

"अन् मालिनी," काका म्हणाले, "तुला कोण लावील?"

काकू बोटांच्या बेचक्यांतून तेल फिरवत राहिली.

"बोल की. विक्रमला तर जमायचं नाही."

"तुम्ही पाय हलवू नका," काकू म्हणाली. "चादरीला डाग पडतील."