ग्राहकाची खुर्ची

माझी आत्या बुटांच्या दुकानात विक्रेती आहे. नवरा गेल्यावर तिने ही नोकरी धरली, तेव्हापासून आमच्या घरातले सगळे कौतुकाने म्हणतात, "बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली हो!" पण बाई, तू बसतेस कधी, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बसायची सोयच नव्हती. दुकानात मऊ गादीच्या खुर्च्यांची रांग होती, ती ग्राहकांसाठी. गल्ल्यामागे एक फिरती खुर्ची होती, ती मालकांसाठी. त्यांना कंबरदुखी होती ना! विक्रेत्या बायकांनी उभं राहायचं, नाहीतर गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवं बसायचं. दुकान रिकामं असलं तरी भिंतीला टेकायचं नाही. "बसलेली बाई दिसली की लोकांना वाटतं, धंदा नाही," असं मालकांचं म्हणणं. वर पुन्हा, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." आग लागो असल्या कुटुंबाला.

"घोडा उभ्याने झोपतो म्हणून त्याचं निभतं," घरी आल्यावर पाय भिंतीला वर लावून आत्या म्हणायची. "मला मेलीला तेही जमेना."

तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या. डॉक्टरांनी बजावलं, मधूनमधून बसा, नाहीतर जखमा होतील. तिने मालकांकडे स्टूल मागितलं. पगारवाढ नव्हे, रजा नव्हे; गिऱ्हाईक नसेल तेव्हा टेकायला एक स्टूल. फिरत्या खुर्चीत रेलून मालक म्हणाले, "आज तुम्हाला स्टूल दिलं, तर उद्या बाकीच्या पलंग मागतील."

 स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी आत्या ठेवणीतले कपडे घालून, ऐन गर्दीच्या वेळी दुकानात गेली आणि मधल्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"बूट दाखवा," ती म्हणाली.

विक्रेत्या बायकांच्या लक्षात आलं. एकेकीला अचानक भलतंच काम निघालं. शेवटी मालकच दातओठ खात आले.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"खरेदी. रोख देणार आहे. गिऱ्हाईक म्हणजे राजा, तुम्हीच शिकवलंत ना?"

चार माणसं बघत होती. मालक कंबरेवर हात ठेवून वाकले.

"नंबर?"

"पाच. कामाला लागले तेव्हा तुमच्याकडूनच घेतले होते."

पाच नंबर टाचेपर्यंतही गेला नाही. सहा चढेना. सात अर्ध्यात अडकला. मालकांना घाम फुटला.

"पाय सुजलाय तुमचा," ते पुटपुटले.

"इथेच सुजलाय, मालक," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमच्या फरशीवर."

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. कारण काय, तर दुकानाची अब्रू गेली! बाईचे पाय गेले त्याचं काही नाही, यांची अब्रू गेली.

पण त्याच्या पुढच्या सकाळी दुकान उघडताच सगळ्या विक्रेत्या ग्राहकांच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याला बसायला जागा नव्हती. दुसरं आलं, परत गेलं. मालकांनी आरडाओरडा केला, पोलिसांची धमकी दिली, मग हात जोडले.

"ताईंना बोलवा आणि स्टुलं आणा," त्यातली सर्वांत वयस्कर बाई म्हणाली. "मग उठतो आम्ही."

दुपारी आत्याला फोन आला आणि आठवड्याभरात स्टुलं आली. मालकांनी त्या स्टुलांसोबत स्वतःचा फोटो काढून दारात लावला. खाली लिहिलं, 'आम्ही आमच्या माणसांची काळजी घेतो.' चोर तो चोर, वर शिरजोर!

आत्या आता त्या फोटोसमोरच्या स्टुलावर बसते. पायात पुरुषांच्या चपला असतात. त्या दुकानात विकायला असलेल्या बायकांच्या एकाही बुटात तिचा पाय मावत नाही.