माशासाठी पुरण

तिनं बोराएवढा उंडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि म्हणाली, "जायफळ कमी पडलं."

मी म्हणालो, "अगं, ते माशाला हाय. पाव्हण्याला न्हाई."

"मग? माशाला काय जीभ न्हाई?"

यंदाच्या शिमग्यानंतरच्या ऐतवारची ही गोष्ट. रेणापूरच्या वाटेवरच्या तलावाच्या काठी पोतं अंथरून बसलो होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हेच. गळाला काय लावायचं यावर भांडण.

ही माझी बायको. तिचं नाव मी कधी घेतलं नाही, आता कशाला घेऊ. लातुरात ती कोचिंगच्या पोरांची खानावळ चालवायची. ऐतवारी रात्री खानावळ बंद, म्हणून दुपारपासून तलाव.

गळ टाकणाऱ्याला सांगायला नको. थंडीत रोहू तळाला पडून राहतो, तेव्हा गांडूळ बरं. शिमग्यानंतर पाणी कोमट झालं की तो काठाकडं येतो, गोड वास हुंगतो. मग कणीक आणि शेंगदाण्याची पेंड. आमच्या शेजारी बसणारे चाचा पेंडीत बडीशेप घालतात. तेही ठीक. पण पुरण कुणी लावतं का?

ही लावायची. दरसाल. कणकेवर ती माझ्यापेक्षा जास्त मासे काढायची, पण शिमगा आला की हट्ट सुरू. पुरण पाण्यात विरघळायचं, रोहू जेवून निघून जायचा, गळ मोकळा. चाचा ओरडायचे, "भाभी, उसको घी नई डाले क्या?"

"तुम्ही या की ताट घेऊन चाचा, तुम्हाला बी वाढते!"

आणि अशी हसायची की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करायची. खोटं सांगत नाही.

हट्टाचं मूळ सांगतो. भूकंपात आमचं गाव बसलं. पत्र्याच्या शेडमधला पहिला शिमगा. रांगेतल्या घराघरातलं कुणी ना कुणी गेलेलं, सण कोण करणार? हिनं मात्र मूठभर डाळ शिजवून पुरण केलं. केल्यावर कळलं, कुणाच्या दारात नेता येत नाही. मी गळ घेऊन नदीला निघालो होतो. ही वाटी घेऊन मागं आली. म्हणाली, "कुणी तर खाऊ दे." कुणीतरी खाल्लं. मासा दिसला नाही, पण खाल्लं. तेव्हापासून तिला पुरणावर एकदा तरी मासा काढायचाच होता. कधी रवा मिसळून बघितला, कधी गूळ कमी केला.

यंदा पुरण कणकेत भरून उंडे केले होते. दोरीवरचा थर्माकोलचा तुकडा गपकन बुडाला. तिनं काठी ओढली. रोहू चांगला हातभर, काठापर्यंत आला, लाल परही दिसले. आणि सुटला. ही चिखलात मागं बसली.

मला वाटलं रडते. बघतो तर हसून हसून खोकला लागलेला.

"कणीक सैल झाली माझी," ती म्हणाली. "पुढच्या ऐतवारी घट्ट मळते. मग कुठं जातोय."

त्याच रात्री झोपेत गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय. सोमवारी सगळं उरकलं.

मंगळवारी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं, चूल बंद. मी पिठाच्या डब्यात हात घातला. बहीण म्हणाली, "दादा, हे काय करायलास?"

"कणीक मळतोय."

"सुतकात मासे धरायला चाललास? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे," म्हणालो. बोटं दुखेपर्यंत घट्ट मळली, फ्रिजमधलं तिचंच उरलेलं पुरण भरलं आणि तलावावर गेलो. चाचा होते. थोडं सरकून बसले.

ऊन चढल्यावर थर्माकोल बुडाला. मी तिच्या जागेकडं वळून म्हणालो, "ओढ की!"

मग मीच ओढली.