मागच्या सालचे अंक

अन्याय झाला तो माझ्या सोबत्यावर, पातूरच्या फुलमाळ्याच्या मुलावर. आणि झाला तो कापसाच्या तेजीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, अमरावतीच्या वाचनालयात, भर दुपारी, सभासदांच्या डोळ्यांदेखत.

आम्ही दोघे विद्यार्थी तिथे काव्यावरच्या टीका वाचायला जायचो. मी टीकाकाराचे मत पाठ करून माझे म्हणून मिरवायचो. तो हसायचा. "वकिलाचं आयकूनच निकाल देतं का बे तू? कविता वाचली काय?" त्याची रीत अशी: आधी मूळ काव्य, मग टीका आलेला मासिकाचा अंक, मग पुढचे अंक, कारण कोणी उत्तर दिले असेल तर ते तिथेच. टीकाकाराने उतरवलेली प्रत्येक ओळ तो पोथी काढून ताडून बघे.

असेच ताडताना त्याला सापडले. मुंबईच्या एका विद्वानाने एक जुने आख्यान निरर्थक ठरवले होते, आणि दाखल्याला श्लोक अर्धाच छापला होता. सगळा अर्थ उरलेल्या अर्ध्यात! संक्रांतीला वाचनालयात तिळगुळाची सभा भरे. तिथे अंक आणि पोथी शेजारी ठेवून हे दाखवायचे ठरले. आठवडाभर तो दुसरे काही बोलत नव्हता.

आदल्या दिवशी अंक काढायला गेलो तर कपाट रिकामे. ओसरीवर कापसाचा एक अडत्या, वाचनालयाचाच सभासद, पाने फाडत बसलेला.

"शेटजी, हे काय करून राहिले तुमी?" सोबती ओरडला.

"रुईचे नमुने बांधून राहिलो. दिसत नाई?"

"मासिक आहे ते! मले उद्या पायजे."

"मागच्या सालचं हाय, बापू. मागच्या सालचा भाव कोनी इचारते काय? नवा अंक आला का वाच ना!"

ओसरीवरचे बाकीचे सभासद हसले. ही मंडळी वाचनालयात यायचीच मुंबईचा भाव वाचायला. कालचा भाव आज रद्दी, एवढीच अक्कल, आणि तीच त्यांनी साहित्याला लावली. मूठमूठ रुई त्या पानांत गुंडाळून अकोल्याच्या गाडीत चढली.

सभेत तो नुसत्या आठवणीवरून बोलला. अध्यक्ष म्हणाले, "अंक दाखव."

नव्हता. मी उठून सांगितले की मी वाचलाय. "तू त्याचा दोस्त," म्हणाले, "तू हेच सांगशील. विद्वानावर आळ कायले घेता रे पोट्टेहो?" तो उभाच राहिला, हातात पोथी उघडी.

आम्ही अकोल्याला गेलो. बाजारात एकेका अडत्याला नमुन्याचे कागद मागितले. एक पान मिळाले. त्यावर ग्रहणाची माहिती होती.

परतीची गाडी मी एकट्यानेच धरली. तो पातूरच्या वाटेला लागला. जाताना एवढेच म्हणाला, "म्या खरंच वाचलं होतं ना बे? आता मलेच भरोसा नाई."

मागे भेटलो तेव्हा झेंडू तोडत होता. मी नेलेले पुस्तक त्याने घेतले, पण उघडले नाही. असला वाचक मला पुन्हा भेटला नाही, आणि तो आपण घालवला.

तुम्ही कुठल्याही वाचनालयाचे सभासद असाल तर उद्याच जा. कपाट उघडायला लावा, मागच्या सालचे अंक मागा. नसतील तर कोणी नेले ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.