दहाव्याला न चुकणारा माणूस

शेखरभाऊंच्या गाडीत मागच्या सीटवर दोन वस्तू कायम असत: लग्नासाठी फेटा आणि दहाव्यासाठी पांढरं उपरणं. फेटा कधीमधी घरी राहायचा. उपरणं बारा वर्षांत एकदाही राहिलं नाही. "लग्नाला उशीर झाला तर चालतंय सर, दहाव्याला न्हाई," ते म्हणायचे. "नवरदेव इसरतो. मयताचं घर इसरत न्हाई."

आजोबा आमदार, वडील तीनदा आमदार. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. शेखरभाऊंना राजकारण बाळकडूतूनच मिळालं. मी त्यांच्या संस्थेच्या शाळेत मास्तर होतो, पण शाळेचा पगार घेऊन राबायचो भाऊंकडे. केज-धारूरकडच्या कुठल्या गावात कोण गेलं, दहावा कधी, याची यादी रोज सकाळी त्यांच्या हातात द्यायची, हे माझं काम. हे काम मी आपल्या पायाने चालत जाऊन पत्करलं, आणि त्याचं कारण माझे वडील.

आमचं गाव धारूरच्या डोंगराला चिकटलेलं. गाव आणि सडक यांच्या मधे ओढा. आईला पान लागलं, म्हणजे साप चावला, तेव्हा ओढ्याला पूर होता. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, तिला खांद्यावर टाकून काठापर्यंत नेलं आणि तिथेच मांडीवर घेऊन बसले. ती पलीकडे गेलीच नाही. त्यानंतर मरेपर्यंत तात्यांच्या तोंडी एकच विषय होता, पूल.

तात्यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मी म्हणालो, बहिणीला सांभाळीन. भावकी म्हणाली, शेत विकणार नाही. कावळे बाभळीवर ढिम्म. तेवढ्यात पांढरं उपरणं घेतलेला एक उंच माणूस पुढे आला. शेखरभाऊंना मी एवढ्या जवळून प्रथमच पाहत होतो. त्यांनी चपला काढल्या, पिंडापुढे हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "तात्या, कावून जीव अडकवून बसलाव? पूल मी करतो. माझा शब्द हाय."

कावळा उतरला. सगळं गाव रडलं. मी भाऊंच्या गळ्यात पडून रडलो आणि दुसऱ्या सोमवारी त्यांच्या बंगल्यावर हजर झालो.

माणूस गोड होता, हे आजही नाकारत नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचे, मयताच्या बैलाचं नावसुद्धा त्यांच्या ध्यानात असायचं. माझ्या बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहिले होते. कावळा अडला की लोक त्यांच्याकडे बघत, आणि भाऊ कुठे रस्ता, कुठे नोकरी, कुठे शाळेची खोली देऊन टाकत. आमच्या पुलाचा नारळ दोनदा फुटला. "पूल मंजूर" हे पत्रक तर मीच लिहिलं. विचारलं की म्हणायचे, "सर, पिकल्याबिगर आंबा पडतो का?" आणि मी उद्याची यादी लिहायला बसायचो. आपल्या मूर्खपणाला मी निष्ठा म्हणत होतो.

मग मोठे साहेब गेले. या खेपेला आमदारकीची उमेदवारी धाकट्या मुलाला द्या, शेखरने आता थांबावं, असं ते शेवटच्या महिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. दहाव्याला अख्खा तालुका लोटला. पिंड ठेवला, लोक मागे सरले. तास झाला, दोन झाले. कावळे होते, पण येईनात. सगळ्यांच्या नजरा भाऊंवर. धाकटा मान खाली घालून उभा.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "भाऊ, साहेबांना शब्द देऊन टाका."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काही अभद्र बोललो. डोळे भरले होते त्यांचे. खरेच भरले होते. म्हणाले, "काय बोलताव सर? सख्ख्या बापाला खोटा शब्द कसा देऊ?"

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. मी खांद्यावरची पिशवी, त्यातल्या यादीसकट, भाऊंच्या गाडीच्या सीटवर ठेवली आणि प्रवाशांच्या जीपमध्ये बसून गावी आलो. बारा वर्षं ज्याच्या पाया पडलो त्याला एका वाक्यात ओळखलं. माझा बाप सख्खा नव्हता ना त्याचा.

उमेदवारी अर्थातच भाऊंनाच मिळाली. निवडूनही आले.

परवा शेजारच्या राधाकाकूंचा दहावा होता. भाऊ आले. गाडी ओढ्यापलीकडे ठेवून ट्रॅक्टरवर उभे राहून आले, उपरणं तेच. मला पाहून ओळखीचं हसले. काकूंचा नातू गेल्या पावसाळ्यात ओढ्यात वाहून गेला होता. कावळा अडला, आणि का अडलाय हे कुणाला वेगळं सांगायला नको होतं. लोक भाऊंकडे बघू लागले. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले.

त्यांचं तोंड उघडायच्या आत मी पुढे झालो आणि म्हणालो, "गुरुजी, दर्भाचा कावळा करा."