न बघितलेली जाळी

शहाडच्या रंगखान्यात मी फिटर म्हणून लागलो तो काकांमुळे. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. तळघरातला पंप त्यांच्याकडे होता. नदी जवळच, त्यामुळे पावसाळाभर तळघरात पाणी झिरपायचं आणि कोपऱ्यातल्या खोल खड्ड्यात जमायचं. ते पंपाने बाहेर काढायचं आणि तिथे रचलेल्या कोऱ्या कापडाच्या गाठी भिजू द्यायच्या नाहीत, एवढीच काकांची नोकरी. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. नोकरीबरोबर मिळालेल्या चाळीतल्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. नोकरी गेली की खोली जाणार आणि गावी भावाच्या घरी मिंधं होऊन राहावं लागणार, याची त्यांना फार धास्ती.

खंडेनवमीला आम्ही पंपाची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आंब्याची पानं. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर काका म्हणाले, "माळा उतरव. पायाखाली येऊ देऊ नको रे, पाण्यात सोड."

त्यांच्या मनात नदी होती. बाहेर हस्ताचा पाऊस कोसळत होता आणि भिजायचा मला कंटाळा. पाणी ते पाणी, असं म्हणून मी सगळं निर्माल्य त्या खड्ड्यातच सोडलं. वर हातही जोडले, इतका मी धार्मिक.

दोन दिवसांनी पंपाची धार करंगळीएवढी झाली. सुरू करण्याआधी पंपात पाणी भरावं लागे, नाहीतर तो नुसती हवा ओढत बसे. काकांनी तीन वेळा भरून पाहिलं. मी पट्टा पाहिला, मोटार पाहिली, हवा आत शिरू नये म्हणून पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती ठासलेली जुनी दोरी काढून नवी भरली. धार तेवढीच.

"खाली नळाच्या तोंडाची जाळी बघितलीस का?" काकांनी विचारलं.

जाळी बघायची तर शिडीने खड्ड्यात उतरून छातीभर गढूळ पाण्यात शिरायला हवं. काकांचे गुडघे गेलेले, नाहीतर ते मला विचारत बसले नसते, स्वतःच उतरले असते.

"सकाळीच बघितली, काका. साफ आहे."

खोटं बोलायला काही लागत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पंपाजवळ बसून ते बादलीने पाणी भरत राहिले, सांडलं की पुन्हा भरत राहिले. संध्याकाळपर्यंत खालच्या गाठी भिजल्या. फोरमन खाली आला आणि ओरडायला लागला. मी तोंड उघडण्याआधीच काका म्हणाले, "पोरानं सगळं तपासलंय, साहेब. माझ्याच हातून पाणी नीट भरलं जात नाहीये."

तेव्हा बोलायला हवं होतं. जाळीत काय अडकलं असेल हे तोवर मला कळून चुकलं होतं, हेही आता सांगून टाकतो. मी हातातला पाना पुसत राहिलो. काकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खड्ड्यात उतरलो. जाळीला माळांचे दोरे गच्च गुंडाळले होते, त्यात पाकळ्यांचा काळा लगदा. हाताने ओरबाडून काढला आणि पंप धो धो वाहायला लागला. फोरमनने पाठ थोपटली. पंप माझ्याकडे आला, खोलीही माझ्याकडेच राहिली. करून सवरून नामानिराळा म्हणतात तो मी.

काका गावी निघाले तेव्हा त्यांची ट्रंक घेऊन मी कल्याण स्टेशनापर्यंत गेलो. रस्ताभर ठरवत होतो, आता सांगतो, त्या वळणावर सांगतो. गाडीत बसल्यावर त्यांनीच विचारलं, "पंप कशानं सुरू झाला रे?"

यापेक्षा सोपी वेळ मला कुणी दिली नसती.

"पाणी नीट भरलं," मी म्हणालो.

"तेच म्हणत होतो मी," काका म्हणाले आणि मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले. मला लाज वाटली. पण गाडी सुटल्यावर हायसंही वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

दिवाळीनंतर वडिलांचं पत्र आलं. काका बरे आहेत, जेवतात, झोपतात, पण कसल्याच कामाला हात लावत नाहीत. तांब्यातलं पाणीसुद्धा दुसऱ्याकडून भांड्यात ओतून घेतात. म्हणतात, माझ्या हातून सांडेल.