डोंगरासाठी हलकी वजनं

“चाचाचा हात गेला आता. तिसरा बेल्ट हा.”

स्टोअर सांभाळणारा सातारकर ऑइलचे डबे लावता लावता पिकअपच्या ड्रायव्हरला म्हणाला. ड्रायव्हर रायगडचा. तो हसला. “अरे, डोक्यावर चष्मा ठेवून सगळीकडे चष्मा शोधतो तो. या वेळी अर्बाब व्हिसा वाढवतो का बघ.”

स्टोअरच्या लाकडी फळीच्या या बाजूला मी जॉब कार्ड लिहीत बसले होते. मी तिथे आहे हे ते विसरले होते. लोक मला विसरतात, आणि बहुतेक वेळा मला ते सोयीचंच पडतं. त्या दिवशी मात्र पेन थांबलं. बेल्ट चाचांच्या हातामुळे जळत नसावेत, अशी मला आठवडाभर शंका होती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

आम्ही इथे आखातात, अल खौदला राहतो. इंडियन स्कूल, मग कॉलेज, आणि मग बाबांच्या ओळखीने हे वर्कशॉप. मालकाला इथे सगळे अर्बाब म्हणतात. इथे वाळूत चालवायच्या बग्या आणि चारचाकी क्वाड बाइक दुरुस्त होतात. बगी म्हणजे चार माणसं बसतील अशी उघडी, रुंद टायरांची गाडी. माझं काम समोरच्या टेबलावर बसून फोन घेणं आणि दुरुस्तीची कार्डं लिहिणं. बाबा म्हणाले होते, चार माणसांत राहशील तर जरा बोलायला लागशील. तसं काही झालं नाही, पण एक वेगळं काम मात्र माझ्याकडे आलं. चाचांना पुस्तक वाचून दाखवायचं.

चाचा इथले सर्वांत जुने मेकॅनिक, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. आधी सूर बंदरात लाकडी जहाजांच्या इंजिनांवर होते, मग इथे आले. इंग्रजी वाचता येत नाही हे ते कधी लपवत नसत. नवीन गाडी आली की तिचं जाडजूड मॅन्युअल कपड्याने पुसून माझ्या टेबलावर ठेवायचे. “काय गो बाय, काय म्हणतंय पुस्तक?” मी वाचायचे, मनात मराठी जुळवायचे आणि सांगायचे. माझं मराठी घरातलं. ‘टॉर्क’ला काय म्हणायचं, ‘क्लिअरन्स’ला काय, यावर अडायचे. ते थांबायचे. घाई कधी केली नाही. शाळेत मी अडले की कुणीतरी माझं वाक्य पुरं करायचं. चाचांनी तसं कधीच केलं नाही.

क्लच त्यांनीच मला समजावला. या बग्यांना गिअर बदलत बसावं लागत नाही. दोन पुल्या, त्यांच्यात एक जाड रबरी बेल्ट. इंजिनाकडच्या पुलीत बोटाच्या पेराएवढी लोखंडी वजनं असतात. पुली फिरू लागली की ती बाहेर झुकतात, पुलीच्या दोन ताटल्या जवळ ढकलतात, आणि ताटल्या बेल्टला चिमटीत धरतात. वजन जड असेल तर पकड लवकर बसते, पण इंजिनावर ओझं पडतं. हलकं असेल तर इंजिन मोकळं धावतं, पण पकड उशिरा येते.

“रस्ता ओलांडताना पोराचा हात धरतो ना, तसा बेल्ट धरायचा,” चाचा म्हणाले. “आवळलास तर रडणार, ढिला सोडलास तर पळणार.”

मग जबल अख्दरवरच्या एका कॅम्पचं काम आलं. त्यांच्या चार बग्या पाहुण्यांना डोंगरावर फिरवायच्या. तिथली तक्रार एकच: चढावर गाडी मरगळते. दोन हजार मीटरवर हवा विरळ, इंजिनाला दम कमी पडतो, आणि वाळूसाठी लावलेली जड वजनं त्याला आणखी दाबून धरतात. चाचांना हे ठाऊक होतं. वजन कमी करायचं, पण किती, एवढाच प्रश्न होता. त्यांचा सगळा अंदाज वाळूतला होता.

“बघ गो, डोंगरासाठी पुस्तकात काय लिवलंय.”

पुस्तकात एकच ओळ होती: जास्त उंचीवर वापर असेल तर विक्रेत्याला विचारा. ती ओळ घेऊन त्यांच्यासमोर जायची मला लाज वाटली. त्यांनी पुस्तकावर इतका भरवसा ठेवलेला, आणि पुस्तक म्हणतंय दुसऱ्याला विचारा. म्हणून मी फोनवर शोधलं. एका पानावर तक्ता सापडला. इतकी उंची, तर वजन इतके ग्रॅम कमी. स्वच्छ रकाने, नेमके आकडे. पान बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचं होतं. थंड देशातले लोक उंच डोंगरावर त्या चालवतात, आणि त्यांचा क्लच अगदी आमच्या बगीसारखाच असतो.

मी चाचांना आकडा सांगितला. बर्फाचं सांगितलं नाही. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. ‘हे आपल्या गाडीचं नाही, पण क्लच तसाच आहे, म्हणून चालेल असं मला वाटतं’ हे वाक्य मराठीत लांब होत होतं, आणि त्यातलं ‘मला वाटतं’ तर मुळीच म्हणवत नव्हतं. आकडा सांगणं सोपं होतं.

चाचांनी एक वजन तळहातावर तोललं. “येवढं कमी? माझा हात म्हणतोय, याच्या निम्मं पुरे.” मग स्वतःच हसले. “पण पुस्तक शिकलेल्या माणसानं लिवलेलं असतंय. नक्की ना?”

मी मान हलवली.

घरून आणलेल्या मसाल्याच्या डिजिटल काट्यावर आम्ही ती हलकी वजनं एकेक करून तोलली आणि बसवली. पहिल्या चाचणीला कॅम्पच्या ड्रायव्हरने बगी डांबरी चढावर पूर्ण दाबली आणि ती सुसाट गेली. कॅम्पवाले खूश, अर्बाब खूश. चाचा माझ्या टेबलाशी आले. “अर्बाबला सांगतो, पोरीचं डोकं हाय यात.”

“नको चाचा. प्लीज. माझं नाव नको.”

“का गो? चांगलंच सांगतोय.”

“नकोच. वचन द्या.”

सगळे वळून माझ्याकडे बघतील, अर्बाब काहीतरी विचारेल, आणि मला उत्तर येणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं. त्यांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली. “बरं. नाय सांगणार.”

दोन आठवड्यांत तीन बेल्ट जळाले. तिसरा पाहुणे गाडीत असताना. दगडी वाटेवर गाडी अर्ध्या चढात थांबली. इंजिन ओरडतंय आणि गाडी मागे सरकतेय. ड्रायव्हरने ब्रेक धरून ठेवला, पाहुण्यांनी उतरून चाकांमागे दगड लावले. कुणाला खरचटलंही नाही, पण सगळे कॅम्पपर्यंत चालत गेले. त्या गाडीचं कार्ड मी लिहीत होते, तेव्हाच फळीपलीकडून ते वाक्य माझ्या कानावर आलं.

दुपारी चाचा डोंगरावरच्या कॅम्पकडे निघाले. कॅम्पवरचे लोक इंग्रजी बोलतात, म्हणून अर्बाब मला म्हणाला, तू जा बरोबर. बाबांना फोन करून विचारलं. चाचांबरोबर जायचं म्हटल्यावर ते लगेच हो म्हणाले. पिकअप चाचाच चालवत होते. पायथ्याच्या चौकीवर पोलिसाने कागद बघितले आणि सोडलं. वर गेल्यावर कान दडपले. उतारावर डाळिंबाच्या बागा पायरीपायरीने खाली गेलेल्या, हवा गार, ऊन मात्र तसंच कडक.

चाचा म्हणाले, “दाखवा, कसं नेता पाहुण्यांना.” कॅम्पच्या ड्रायव्हरला मी ते इंग्रजीत सांगितलं. त्याने आम्हाला बसवलं आणि तो नेहमीच्या वाटेने निघाला. आणि मला सगळं दिसलं. तो सुसाट जातच नव्हता. मोठाले दगड, मध्ये खाचा, एरवी गाडीत चार माणसं, वेग चालणाऱ्या माणसाएवढा. थोडं पुढे, थांबा, फोटो काढा, पुन्हा थोडं पुढे. वजनं हलकी, इंजिन सावकाश, त्यामुळे ताटल्या बेल्टला नीट धरतच नव्हत्या. तो घासत होता, घसरत होता. दहा मिनिटांत जळक्या रबराचा वास आला. चाचांनी क्लचच्या झाकणाला हात लावला आणि चटकन काढून घेतला.

“बेल्ट सुटतोय हातातनं,” ते म्हणाले. बोटं चोळत राहिले. “मीच लावलंय. मलाच कळायला हवं होतं.”

ते झाकण उघडत असताना मी बाजूला जाऊन फोनवर ते पान पुन्हा काढलं. तक्त्याच्या खाली, जिथपर्यंत मी आधी गेलेच नव्हते, लिहिलं होतं: हे आकडे पूर्ण वेगाने, हलक्या बर्फावर जाणाऱ्यांसाठी आहेत; सावकाश आणि ओझं घेऊन जाणाऱ्यांनी वापरू नयेत. साधी, सरळ ओळ. एखाद्या शाळकरी मुलालाही कळेल अशी.

परतीचा रस्ता जवळपास तीन तासांचा. सांगायला तीन तास होते. मी चार वेळा सुरुवात केली, मनात. चाचा आपणहून बोलत होते. व्हिसाचा कागद या आठवड्यात अर्बाबच्या टेबलावर आहे. अजून दोन वर्षं मिळाली तर बरं. “घरी बसून काय करू गो? मुलगा म्हणतो, आराम करा. आराम म्हंजे काय, जाळ्यांना गाठी मारत बसू? माझं डोकं इंजिनाच्या आवाजानं चालतं.” मग म्हणाले, “बेल्टचं मनाला लावून घेऊ नकोस. पुस्तक चुकत नाय. मीच कायतरी उलटं बसवलं असणार.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मान हलवली की नाही, आठवत नाही. हलवली असेल तर ती दुसऱ्यांदा.

घरी जेवताना आई म्हणाली, आज फारच गप्प आहेस. माझ्या बाबतीत हे वाक्य विनोदीच, म्हणून बाबा हसले. मी चाचांचा विचार करत होते. ते माझ्यासाठी गप्प राहणार, हे मला पक्कं माहीत होतं, कारण वचन मीच मागून घेतलं होतं. माझा भिडस्तपणा आजवर फक्त माझंच काहीतरी घेऊन जायचा. आता तो दुसऱ्याचं घेऊन चालला होता.

सकाळी अर्बाब आला. आवाज चढवणारा माणूस नाही तो. खुर्ची ओढून शेडच्या मधोमध, डोंगरावरून काढून आणलेल्या क्लचसमोर बसला, चाचांसाठी चहा मागवला. सातारकर फळीशी उभा, पिकअपचा ड्रायव्हर दाराशी. मी माझ्या टेबलामागे. अर्बाब हिंदीतच बोलतो सगळ्यांशी.

“इतना हल्का वजन कौन बोला लगाने को?”

“मैं ही लगाया, अर्बाब.”

“क्यों?”

चाचा माझ्याकडे बघतील असं वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही. “मेरे को लगा, चलेगा.”

अर्बाबने वजन बोटांत धरून पाहिलं, खाली ठेवलं. “तुम मेरे बाप के टाइम से है. गुस्सा नहीं है. लेकिन ऊपर आदमी लोग बैठता है गाड़ी में. हाथ ठीक नहीं, तो खलास. घर जाओ, आराम करो. मैं टिकट देगा.”

चाचांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. “जैसा आप बोले,” ते म्हणाले.

मी उठले तेव्हा खुर्ची मागच्या कपाटावर आपटली आणि सगळ्यांनी वळून बघितलं. नेमकं जे मला कधीच नको असतं तेच. डोक्यात पूर्ण वाक्य तयार होतं, इंग्रजीत. अर्बाबला ते कळलं असतं, मला जड गेलं नसतं. पण चाचांना कळलं नसतं. त्यांच्यासमोर, त्यांच्याचबद्दल, त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलायचं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. मी टेबलाच्या पुढे आले.

“अर्बाब, वजन मैंने बताया था. चाचा ने थोड़ा ही कम करने को बोला था, मैंने ज़्यादा कम कराया.” मग मी चाचांकडे वळले. अडखळत, पण मराठीत, शेवटपर्यंत बोलले.

“चाचा, ते पुस्तकात नव्हतं. पुस्तकात काहीच नव्हतं. बर्फावरच्या गाड्यांचं पान होतं, फोनवरचं, आणि खालची ओळ मी वाचलीच नाही. तुमचा हात म्हणत होता निम्मं, आणि तुमचा हात बरोबर होता. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, काल गाडीतसुद्धा. चूक माझी आहे.”